आपल्याच विद्यापीठात बास्केटबॉलची स्पर्धा बघायला गेला आहात का?

कंदी_पेढा | २७ मार्च २०२४, सकाळी ७:४०

सोमवारी मध्यरात्रीनंतर आयोवा सिटीहून घरी पोचलो. घसा पार बसलाय, पण बोलायचं खूप आहे, म्हणून इथे लिहितेय.

मी ऑगस्ट २००८ मध्ये आयोवा विद्यापीठात एमएस करायला आले. त्याच जूनमध्ये आयोवा नदीला महापूर येऊन गेला होता. नदीकाठच्या इमारती बंद होत्या आणि हॅन्चर हे मोठं नाट्यगृह कायमचं गेलं होतं. पुढची दोन वर्षं लॅब, लायब्ररी, फुकटची कॅम्बस (विद्यापीठाची बस) पकडून खोलीवर, एवढंच केलं. कार्व्हर-हॉकआय अरीना माझ्या बसच्या वाटेवर होतं. तिथे विद्यापीठाच्या मुलींचा संघ खेळायचा. साताऱ्याला शाळेत मी स्वतः बास्केटबॉल खेळलेली, तरी एकदाही आत पाऊल टाकलं नाही. "पुढच्या आठवड्यात जाऊ" म्हणता म्हणता पदवी हातात आली.

यंदा आमच्या मुलींना राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं मानांकन मिळालं. मुलींच्या स्पर्धेत एक छान पद्धत आहे. ६८ संघांपैकी सर्वांत वरच्या १६ जणांना पहिल्या दोन फेऱ्यांचं यजमानपद मिळतं, म्हणजे खरीखुरी राष्ट्रीय स्पर्धा आपल्या कॅम्पसवर. मुलांच्या स्पर्धेत हे नाही, ते त्रयस्थ शहरांत खेळतात.

तिकिटं मिळणं अशक्यच होतं. पण २००९ मध्ये मी ज्यांच्या घरी भाड्याने राहायचे त्या आजींकडे कित्येक वर्षांपासून दोन जागा आहेत. त्यांनी तिसरं तिकीटही कुठून तरी मिळवलं आणि फोन केला, "तू आणि लेक, दोघी या." शनिवारी पहाटे निघालो. मिसिसिपी ओलांडली आणि मला एकदम माहेरी चालल्यासारखं वाटायला लागलं.

अरीना बाहेरून अगदी बुटकं दिसतं, कारण ते डोंगराच्या घळीत बांधलंय. दारातून आत गेलं की आपण सगळ्यांत वर असतो आणि बाकीचं सगळं खाली उतरत जातं. त्या दारात मी थबकलेच. चौदा हजारांवर माणसं, आणि खालपर्यंत सगळं पिवळंधमक. सोमवतीला जेजुरीचा गड बघितलाय ना, तसं. लेक म्हणाली, "आई, हे सगळे मुलींचा खेळ बघायला आलेत?"

शनिवारी होली क्रॉसला ९१-६५ असं आरामात हरवलं. सोमवारी मात्र वेस्ट व्हर्जिनियाने श्वास घेऊ दिला नाही. त्या मुली मैदानभर दाबून खेळत होत्या, चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे नेणंही मुश्कील. शेवटच्या मिनिटांत गुण बरोबरीत. मग आमच्या सिडनी अफॉल्टरने फाउल झेलत बास्केट केली, वरचा फ्री थ्रोही घातला आणि सगळं अरीना उभं राहिलं. ६४-५४. आमच्या केटलिन क्लार्कचे ३२ गुण. तिचा, केट मार्टिनचा, गॅबी मार्शलचा घरच्या मैदानावरचा हा शेवटचा सामना. माझ्या शेजारी आजी रडत होत्या. मीही रडले.

आता विचारते. शिकत असताना बघायचं राहिलं आणि नंतर मुद्दाम आपल्या कॉलेजात जाऊन बघितलं, असं कुणी केलंय का? काय वाटलं?

ओंजळ | २७ मार्च, ८:१५

कंदीताई, काटा आला वाचताना. लेकीच्या त्या प्रश्नावर काय उत्तर दिलंत?

कंदी_पेढा | २७ मार्च, ८:३०

मला काही सुचलंच नाही, नुसतं "हो" म्हणाले.

लाल_माती | २७ मार्च, ९:०५

आम्हा कोल्हापूरकरांना हे कार्व्हर-हॉकआय वेगळ्याच कारणाने माहीत. कुस्ती! डॅन गेबल यांनी १९७६ ते ९७ या काळात आयोवाला १५ राष्ट्रीय विजेतेपदं जिंकून दिली. ३ जानेवारी १९८३ ला हे अरीना उघडलं, तेव्हाचा पहिला कार्यक्रमही कुस्तीचाच. आणि तुम्ही जे वर्णन केलंय, वरून आत शिरायचं आणि खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांवर माणसंच माणसं, ते तर आमचं खासबाग. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं. कुठेही बसा, आखाडा डोळ्यांसमोर. बांधणाऱ्याला बघणाऱ्याची कदर असली की असं मैदान होतं.

कंदी_पेढा | २७ मार्च, ९:२०

खासबाग! हे डोक्यातच आलं नव्हतं. आजींना फोटो पाठवते. त्या कुस्तीच्याही भक्त आहेत.

काटकोन | २७ मार्च, १०:४०

अनुभव सुंदरच. पण "छान पद्धत" याला माझा स्पष्ट विरोध. राष्ट्रीय स्पर्धा आहे ना? मग निम्मी प्रेक्षकसंख्याही विरोधी संघाची नाही, असं मैदान कसं चालेल? वेस्ट व्हर्जिनियाच्या मुलींच्या जागी तुमची लेक असती तर? सगळं अरीना तुमच्यावर ओरडतंय, पंचही माणूसच, त्यांच्या कानावरही तो आवाज पडतोच. वर्षभर मेहनत करून वरच्या १६ त आलेल्यांना आधीच दुबळा प्रतिस्पर्धी मिळतो. वर घरचं मैदान कशाला? मुलांसारखं त्रयस्थ ठिकाणी खेळवा.

मावशी_डरहॅमची | २७ मार्च, ११:३०

मी ड्यूक विद्यापीठाची. आमचं कॅमेरॉन इनडोअर १९४० सालचं, जेमतेम ९,३१४ माणसांचं. मुलांच्या संघाचे नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धचे सामने बघायला विद्यार्थी आठवडेच्या आठवडे बाहेर तंबू ठोकून राहतात. आम्हा पदव्युत्तरवाल्यांसाठी सप्टेंबरात वेगळी सोय असायची. शुक्रवार ते रविवार गाड्यांत नाहीतर तंबूत राहायचं, रात्री-अपरात्री भोंगा वाजला की हजेरी द्यायला पळायचं, आणि शेवटी सोडत. आमच्या चमूत दोन पुणेकर, एक बेळगावकर, एक तेलुगू मुलगी. पावसात पोळ्या भिजल्या, लोणच्याबरोबर तशाच खाल्ल्या. माझं नाव सोडतीत लागलं तेव्हा आईला भारतात फोन केला होता. तिला वाटलं नोकरी लागली.

एवढं असूनही राष्ट्रीय स्पर्धेत मुलांचा सामना कॅमेरॉनमध्ये बघायचं भाग्य आमच्या नशिबी नाही. काटकोन, तुमचा मुद्दा न्यायाचा आहे हे मान्य. पण तंबूत राहिलेल्या माणसाला विचाराल तर तो यजमानपदच मागेल.

तिसरी_घंटा | २७ मार्च, दुपारी १:१०

घरच्या मैदानावर घरचाच संघ जिंकतो असं कुठे आहे? मी २० मार्च २०२२ ला त्याच कार्व्हर-हॉकआयमध्ये होतो. आयोवाला दुसरं मानांकन, समोर दहावं मानांकन असलेलं क्रेटन. ६४-६२ ने आयोवा हरलं. आणि शेवटी तीन गुणांचा निर्णायक फटका कुणी मारला? लॉरेन जेन्सनने. ती मुलगी आदल्याच वर्षी आयोवाकडून खेळत होती, मग संघ बदलून क्रेटनला गेली. चेंडू जाळीत गेला तेव्हा एवढ्या माणसांत जी शांतता पसरली, ती मी विसरणार नाही. ज्या मैदानावर तिने सराव केला होता त्याच मैदानावर!

१९९८ चं तर सगळ्यांना पाठ हवं. सोळावं मानांकन असलेल्या हार्वर्डने पहिल्या मानांकित स्टॅनफर्डला स्टॅनफर्डच्याच मैदानावर ७१-६७ ने हरवलं. सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची ती पहिलीच वेळ, मुलांमध्येही तोवर झालेलं नव्हतं.

काटकोन | २७ मार्च, १:४५

दोन्ही उदाहरणं जोरदार. तरी अपवादाने नियम ठरत नाही.

पिठलं_भाकरी | २७ मार्च, २:३०

काटकोन, हा नियम न्यायासाठी आलेलाच नाही, तो रिकाम्या खुर्च्यांमुळे आला. वरच्या १६ ना यजमानपद ही आजची पद्धत २०१५ पासूनची. त्याआधी ठिकाणं आधीच ठरलेली असायची आणि लांबच्या शहरात दोन अनोळखी संघ थोडक्या प्रेक्षकांसमोर खेळायचे. खेळाडूला भरलेलं मैदान मिळणं हाही न्यायच. वेस्ट व्हर्जिनियाच्या मुलींना विचारा, चौदा हजारांसमोर हरणं बरं की चारशेंसमोर जिंकणं.

काटकोन | २७ मार्च, २:५०

जिंकणं. खेळाडूला नेहमी जिंकणंच बरं. मी स्वतः हँडबॉल खेळलोय, आम्ही चाळीस माणसांसमोर जिंकलेला सामना मला अजून आठवतो.

शेंगोळे | २७ मार्च, ४:००

विषय मुलींच्या खेळाचा निघालाय म्हणून मनातलं लिहिते. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या पुण्यातल्या जुन्या कॉलेजात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला गेले होते. मीही तिथे चार वर्षं संघात होते. मुलींची अंतिम लढत भर दुपारी साडेबाराला लावलेली, सिमेंटच्या उघड्या कोर्टवर. बुटांचे तळवे तापत होते. मुलांची अंतिम लढत संध्याकाळी सातला, दिव्यांच्या झोतात, ढोल-ताशासह. आमच्या वेळीही हेच होतं. इतक्या वर्षांत कोर्टला नवा रंग आला, फळ्या काचेच्या झाल्या, वेळापत्रक मात्र तेच. मी आयोजक मुलांशी बोलले. ती पोरं चांगली होती, त्यांनी वही काढून लिहून घेतलं. पण त्यांना कुणी आधी हे विचारलंच नव्हतं.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही. २०२१ ची अमेरिकेतली मुलींची राष्ट्रीय स्पर्धा सॅन अँटोनियोत झाली, तेव्हा मुलांना व्यायामाचं भलंमोठं दालन आणि मुलींना डंबेल्सचा एक लहानसा स्टँड. ऑरेगन संघातल्या सेडोना प्रिन्सने त्याचा व्हिडिओ टाकला आणि गदारोळ झाला. "मार्च मॅडनेस" हे मुलांच्या स्पर्धेचं गाजलेलं नावसुद्धा मुलींच्या स्पर्धेला २०२२ पासून वापरायला मिळालं. एका मुलीने फोन उचलून दाखवलं म्हणून.

नळबाजार | २७ मार्च, ५:२५

शेंगोळे, तुमचं बरोबर आहे. मी मुंबईत नागपाड्याच्या कोर्टाशेजारी वाढलो. तिथे बास्केटबॉल म्हणजे गल्लीचा खेळ, रात्री दिव्याखाली अख्खा मोहल्ला कठड्यावर. पण मुली कोर्टावर कधी, हा प्रश्न माझी बहीण मोठी झाल्यावरच मला पडला.

संत्री_आणि_रेवड्या | २७ मार्च, रात्री ९:५०

माझं वय ६३. नागपूर. १९७९ ते ८२ मी कॉलेजच्या संघात होते. तेव्हा तीन गुणांची रेषाच नव्हती, कुठूनही टाका, दोनच. चेंडू मुलांच्याच मापाचा, पावसात भिजला की दगड. आम्ही सलवार वर खोचून खेळायचो, कारण हाफपँटचा विषय घरी निघू शकत नव्हता. कर्णधार होते तरी वडील एकाही सामन्याला आले नाहीत. आई एकदा आली. भिंतीपलीकडे, रस्त्यावर उभी राहून बघून गेली, आणि घरी मला काही बोलली नाही. मला हे तिच्या मैत्रिणीकडून वीस वर्षांनी कळलं.

लग्नानंतर मी त्या कोर्टाकडे पाहिलंही नाही. याच शहरात राहते, रिक्षाने त्या रस्त्यावरून शेकडो वेळा गेले असेन. कंदी_पेढा, बाई, तुझी ती साताऱ्याची मुलगी आणि पिवळंधमक मैदान वाचून मी चष्मा काढून ठेवला.

कंदी_पेढा | २७ मार्च, रात्री ११:१०

काकू, काय लिहू? तुमच्या आईला तिथे भिंतीपलीकडून काय दिसलं असेल याचा विचार करतेय.

आता आजींचं सांगायलाच हवं. त्यांचा जन्म आयोवातल्या खेड्यातला, १९५० चा. त्यांच्या शाळेत मुली सहा-सहा जणींचा बास्केटबॉल खेळायच्या. मधल्या रेषेच्या एका बाजूला तीन आक्रमक, दुसऱ्या बाजूला तीन बचावपटू. रेषा ओलांडायची नाही. दोनच टप्पे, मग पास नाहीतर शॉट. मुलींना एवढं धावणं झेपणार नाही या समजुतीतून आलेला नियम. पण आयोवाच्या गावांनी तो खेळ डोक्यावर घेतला. १९२० पासून राज्य स्पर्धा, सामन्याच्या रात्री गावाला कुलूप. १९६८ ची अंतिम लढत आजींनी बघितलीय: युनियन-व्हिटन ११३, एव्हर्ली १०७, तेही जादा वेळेत. जिनेट ओल्सनचे ७६ गुण, डेनिस लाँगचे ६४. याच डेनिस लाँगने त्या वर्षी एका सामन्यात १११ गुण केले होते. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने, म्हणजे पुरुषांच्या संघाने, तिची निवडही केली होती, ती वरून रद्द झाली. हा सहा जणींचा खेळ थेट १९९३ पर्यंत चालला. आत्ताच्या आमच्या सहप्रशिक्षक जॅन जेन्सन त्याच खेळातून आलेल्या.

आजी बचावपटू. शाळेच्या चार वर्षांत त्यांनी एकही बास्केट केली नाही, कारण त्यांना रेषा ओलांडायची परवानगी नव्हती. सोमवारी क्लार्कने मध्यरेषेपासून थोड्याच अंतरावरून फटका मारला तेव्हा त्या माझा हात दाबून म्हणाल्या, "ती रेषा बघ. आम्ही तिथेच थांबायचो."

काटकोन, हा सामना त्रयस्थ शहरात असता तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी तिथे नसत्या. मला एवढंच म्हणायचंय.

काटकोन | २७ मार्च, ११:४०

यावर माझ्याकडे उत्तर नाही. आजींना माझा नमस्कार सांगा.

ओंजळ | २८ मार्च, सकाळी ६:२०

मधल्या रेषेवर थांबायचं... कबड्डीत निदान चढाईला तरी पलीकडे जाता येतं!

मावशी_डरहॅमची | २८ मार्च, ७:००

म्हणजे आयोवाला एवढी गर्दी क्लार्कमुळे आली नाही तर. मुळातच माती तशी होती.

कंदी_पेढा | २८ मार्च, ७:३५

दोन्ही. ३ फेब्रुवारी १९८५ ला, व्हिव्हियन स्ट्रिंगर प्रशिक्षक असताना, ओहायो स्टेटविरुद्ध याच अरीनात २२,१५७ माणसं कोंबली गेली होती. आजी पायऱ्यांवर बसल्या होत्या. मधल्या काळात वरच्या रांगा रिकाम्या राहायला लागल्या, मी होते तो काळ त्यातलाच. क्लार्कने त्या परत भरल्या. तीही इथलीच, वेस्ट डेमॉइनची. गेल्या ऑक्टोबरात तर फुटबॉलच्या किनिक स्टेडियममध्ये उघड्यावर कोर्ट मांडून डिपॉलशी सराव सामना झाला, त्याला ५५,६४६ लोक होते.

तिसरी_घंटा | २८ मार्च, ८:१०

थोडं विषयांतर. आयोवा सिटी म्हटलं की मला तिथला आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम आठवतो, १९६७ पासून चालू आहे. आपले दिलीप चित्रे १९७५ साली तिथे गेले होते. युनेस्कोने या गावाला साहित्यनगरी म्हटलंय. एका गावात कविता, कुस्ती आणि बास्केटबॉल!

लाल_माती | २८ मार्च, ८:२५

कोल्हापुरात यापेक्षा काय वेगळं आहे? वर तांबडा-पांढरा.

नळबाजार | ८ एप्रिल २०२४, सकाळी ८:००

धागा वर काढतोय. काल रात्री अंतिम लढत बघितली का? साउथ कॅरोलायना ८७, आयोवा ७५. कंदीताई, वाईट वाटलं.

कंदी_पेढा | ८ एप्रिल, ८:४५

वाईट तर वाटलंच. पण डॉन स्टेली यांचा संघ वर्षभरात एकही सामना हरला नाही, तोच सरस होता. आल्बनीत एलएसयूला (लुइझियाना स्टेट) हरवून आणि क्लीव्हलंडला यूकॉनला (कनेटिकट) ७१-६९ असं निसटतं हरवून इथवर आलो होतो. क्लार्कची कारकीर्द ३,९५१ गुणांवर थांबली, पुरुष-महिला धरून पहिल्या श्रेणीत सर्वाधिक. आजींचा रात्री फोन आला. रडल्या नाहीत. "पुढच्या हंगामाचे पैसे भरायचेत," म्हणाल्या.

शेंगोळे | १९ डिसेंबर २०२४, रात्री १०:३०

इतक्या महिन्यांनी लिहितेय कारण सांगायलाच हवं. आज कॉलेजात मुलींची अंतिम लढत संध्याकाळी साडेसहाला झाली! मागच्या वेळी ज्यांनी लिहून घेतलं त्यांतल्या एका मुलाने पुढच्या समितीला ती वही दिली होती. मुलांचा सामना त्यानंतर. ढोल दोन्हींना. आम्ही जुन्या संघातल्या सात जणी गेलो होतो. एक ठाण्याहून, एक नाशिकहून. आमचा संघ दोन गुणांनी हरला आणि तरी आम्ही उशिरापर्यंत तिथेच, कुणाला उठवेना.

पिठलं_भाकरी | १९ डिसेंबर, १०:५५

ही वर्षातली सर्वांत चांगली बातमी. त्या वहीवाल्या मुलाला पार्टी द्या.

कंदी_पेढा | ३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७:१५

काल क्लार्कची २२ क्रमांकाची जर्सी अरीनाच्या छताला चढवली. या वेळी आम्ही टीव्हीवर बघितलं, आजी तिथे होत्या. आणि आमच्या मुलींनी यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया), जुजू वॉटकिन्सच्या संघाला, ७६-६९ ने हरवलं. क्लार्क गेली, प्रशिक्षक लिसा ब्लूडर निवृत्त झाल्या, जॅन जेन्सन आता मुख्य झाल्या, तरी अरीना भरलेलं. मला त्याचाच जास्त आनंद झाला.

लेक आता शाळेच्या संघात आहे. उंची कमी म्हणून पॉइंट गार्ड. डावा हात कच्चा आहे, रोज संध्याकाळी गॅरेजसमोर टप्पे.

माझा मूळ प्रश्न अजून उघडा आहे बरं का. काकू, तुम्ही गेलात का कोर्टावर?

संत्री_आणि_रेवड्या | ३ फेब्रुवारी, रात्री ९:०५

गेले. दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी. फाटकावरच्या दादांना सांगितलं, मी इथे १९८१ ला कर्णधार होते. त्यांनी वही पुढे केली, "सही करा आणि जा, ताई." दोन मुली सराव करत होत्या. मी कठड्यावर बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, मी सांगितलं, तर एकीने चेंडूच हातात दिला. आताचा चेंडू केवढा हलका! फ्री थ्रोच्या रेषेवरून सात टाकले. चौथा आणि सातवा गेला.

भिंत अजून तीच आहे. जाताना मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले, आई उभी राहिली होती तिथे. दोन्ही रिंग दिसतात तिथून, नीट दिसतात.

त्या मुलींचा सामना येत्या शनिवारी सकाळी आहे. नागपुरात कुणी असेल तर या. साडेसातला फाटकाशी भेटू. पाण्याची बाटली आणि टोपी आणा, कठड्यावर सावली नाही.

ओंजळ | ३ फेब्रुवारी, ९:२०

मी वर्ध्याहून येतेय. पहिली गाडी पकडते.